फॉस्टरला आणलेली सुपारी, आमची म्हातारी चिंगी आणि कपाटावरचा बोका: कसं जमवू?

चिमणचारा
नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार, म्हणून सांगते.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, दुसरा मजला, २ बीएचके. मी, नवरा, सासूबाई. घरात चिंगी आहे, गावठी कुत्री, ११ वर्षांची, कंबर धरते तिची, थंडीत उठताना कण्हते. आणि बाळू, बोका, ५ वर्षांचा, ऑपरेशन झालेला. हे दोघं एका ताटात जेवतील इतके एकमेकांचे आहेत.

मागच्या शनिवारी सुपारीला आणली, ही पण कुत्रीच, फॉस्टर म्हणून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला. दीड-दोन वर्षांची असेल. टू-व्हीलरने उडवलं, मागच्या पायात रॉड घातलाय, ६ आठवडे पळायचं नाही, उड्या नाहीत. प्राण्यांच्या संस्थेकडे जागा नव्हती, मी हो म्हटलं. नसबंदी आधीच झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. माणसांशी अगदी गरीब गाय. सासूबाईंच्या हातून पोळी अशी घेते की दात लागत नाहीत.

चूक माझी झाली. पहिल्याच संध्याकाळी वाटलं की तिघांची ओळख करून टाकू म्हणजे सुटलो. हॉलमध्ये सोडलं तिघांना. चिंगी वास घ्यायला वाटीपाशी गेली आणि सुपारी अशी गुरगुरली की चिंगी थेट बाथरूममध्ये जाऊन बसली. बाळू बेडरूमच्या कपाटावर चढला तो आज ५वा दिवस, रात्री आम्ही झोपल्यावरच खाली येतो बहुतेक. चिंगी दोन घास खाऊन तोंड फिरवते. सुपारी क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, क्रेट हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, कारण तिथेच जागा आहे.

घरच्यांचे हाल करून पाहुणीचं बरं करतेय असं झालंय मला. काय करू? कुणी केलंय का असं?

खारूताई
केलंय, ९ वर्षांत १४ फॉस्टर. आधी एक श्वास घे. ५ दिवस म्हणजे काहीच नाही. आमच्यात ३ दिवस, ३ आठवडे, ३ महिने असा ठोकताळा सांगतात. ३ दिवस नुसती भांबावलेली असतात, ३ आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं आणि ३ महिन्यांनी खरा स्वभाव दिसतो. पंचांग नव्हे हे, पण घाई करू नये इतकं त्यातून कळतं.

आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात कर, जणू ती आज आली. एक खोली तिची, दार बंद. दार बंद ठेवणं म्हणजे छळ नाही गं, दाराच्या दोन्ही बाजूंना जीव शांत झोपतो त्याने. ओळख आधी नाकाने होऊ दे. सुपारीच्या अंगाखालचा टॉवेल चिंगीच्या जागेपासून ४ हातांवर टाकायचा, चिंगीची चादर सुपारीच्या खोलीत. वास घेऊन तोंड फिरवून झोपली की समज एक पायरी झाली. डोळ्यांची ओळख त्यानंतर.

आणि वाट्या सगळ्या वेगळ्या खोल्यांत. उपाशी राहिलेलं जनावर वाटीवर गुरगुरणारच, तो काही तिचा दुष्टपणा नाही.

गोठ्यातली डॉक्टर
मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. ताई, ओळखीच्या आधीचे प्रश्न: सुपारीची नाइन-इन-वन आणि रेबीज लस झाली का? चिंगीचा बूस्टर कधीचा? गोचीड आहेत का? बाहेरून आलेलं कुत्रं शक्यतो १४ दिवस वेगळं ठेवा असं आम्ही सांगतो, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर लागण झाल्या दिवशी दिसत नाहीत, मधे काही दिवस जातात. ती दवाखान्यातून आलीय म्हणजे तिथे आणखी कुत्री होतीच.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायची जी औषधं मिळतात त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं. मांजरासाठी ते विष आहे. कुत्र्याच्या अंगावर टाकलं आणि मांजर त्याला चिकटून झोपलं किंवा चाटलं तरी झटके येतात. घरात मांजर आहे हे व्हेटला सांगूनच औषध घ्या. लादीचंही तसंच. कुत्री घरात मुतली की हात आधी फिनेलकडे जातो. मांजर त्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनेलातले काही घटक मांजराचं शरीर बाहेर टाकू शकत नाही. शिवाय पार्व्होचा विषाणू फिनेलने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं, ३० भाग पाण्यात १ भाग, आणि लादी वाळेपर्यंत सगळ्यांना लांब ठेवायचं.

बोरकूट
बाळू महाराज कपाटावरून सगळं लिहून घेत असणार. सहा आठवड्यांनी हिशेब सादर होईल.

वाडीकर
मला हे क्रेट, चादरी वगैरे जरा जास्तच वाटतं. गुहागरला आमच्याकडे ३ कुत्रे, ५-६ मांजरं, कोंबड्या, गुरं, सगळं एका अंगणात. कुणी कुणाची ओळख करून दिली नव्हती. जनावरांना त्यांचं ते कळतं, माणसानं मध्ये पडू नये.

खारूताई
काका, अंगणात पळायला वाट असते. २ बीएचकेमध्ये गुरगुरणं ऐकून चिंगीला बाथरूमशिवाय जागा नव्हती. तुमच्याकडे ती गोठ्यामागे गेली असती.

उदगीरकर
वाडीकर काका, माणसानं मध्ये पडू नये हे सगळ्या कुत्र्यांना लागू होत नाही. आमच्या भागात कारवान आणि पश्मी कुत्री घरोघरी. ही सशामागं पळायला पिढ्यान् पिढ्या वाढवलेली जात. डोळ्यापुढं काही हललं की पाय सुटतात, मनात वैर असतं असं नाही. मी एका कारवानाला दोन महिने सांभाळलं, जीव लावणारं पोर, पण भाटी, म्हणजे आमची मांजरी, ओट्यावरून उडी मारताना दिसली की ते माझं राहायचं नाही. शेवटी भाटी भावाकडं ठेवली आणि कुत्रा मळ्यात दिला, मांजर नसलेल्या घरी. सुपारी मांजराकडं कशी बघते ते आधी बघा ताई. बघून मान फिरवते, जमिनीचा वास घेते, जांभई देते, तर चांगलं. पण अंग ताठ, तोंड मिटलेलं, पापणी हलत नाही, हाक मारली तरी कान फिरत नाही, असं असेल तर गुरगुर नसली तरी लई सावध राहा.

चिमणचारा
धन्स सगळ्यांना. लस: एक डोस झालाय, दुसरा बाकी. गोचीड काढून झाले, औषध कुठलं टाकलं ते संस्थेला विचारलं, तोंडाने द्यायची गोळी होती, हुश्श. फिनेलची बाटली आज इस्त्रीवाल्या काकूंना देऊन टाकली.

उदगीरकर दादा, ती बाळूकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. बरं ना हे?

खोली देता येईल का ते बघते, सासूबाईंची आहे.

उदगीरकर
लई बरं. तसं बघितलं की दर वेळी काहीतरी खायला द्या. मांजर दिसलं की माणसाकडं बघायचं, ही सवय लागली की निम्मं काम झालं.

पिंट्याची आई
धागा चोरत नाहीये पण आमच्याकडे पिंजऱ्यात पोपट आहे, १० वर्षांचा, बोलतो सगळं. फॉस्टर कुत्रा आणायचा विचार होता. पोपटाला भीती वाटेल का?

गोठ्यातली डॉक्टर
पिंट्याची आई, आपला हिरवा देशी पोपट आहे का? असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो घरात पाळता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करून विचारा. आपणहून उडवून देऊ नका, १० वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला पंखात जोर नसतो, कावळे सोडणार नाहीत.

पिंट्याची आई
अगंबाई. माझ्या भावाने आणून दिला होता, खरंच माहीत नव्हतं. करते फोन.

एडिसनची माई
मी न्यू जर्सीतून. इकडच्या शेल्टरमध्ये दक्षिणेकडच्या राज्यांतून खूप कुत्री येतात आणि त्यांना हार्टवर्म असतो, डासांतून होणारा हृदयातला जंत. त्याची इंजेक्शनं चालू असताना महिनोन्महिने पळू द्यायचं नसतं, हृदयावर ताण येतो. तशी दोन केलीत मी, घरात माझी लॅब्रेडॉर आणि एक मांजर, म्हणून सुपारीचा प्रकार ओळखीचा वाटला. पाय बांधलेला आणि डोकं मोकळं, मग ते डोकं कुठेतरी लावावं लागतं. जुन्या टॉवेलमध्ये खाऊ ठेवून वळकटी करायची, उलगडत बसते अर्धा तास. दही पसरून गोठवलेली ताटली, चाटत राहते. चाटण्याने आणि हुंगण्याने कुत्री शांत होतात. हेच सगळं दाराच्या एका बाजूला सुपारीला आणि दुसऱ्या बाजूला चिंगीला एकाच वेळी द्यायचं, म्हणजे दाराखालून येणारा तो वास आणि दही यांची जोडी जमते.

लंगडत का होईना शू करायला खाली नेताच ना? तेव्हा चिंगीला पण न्या, दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये १५-२० पावलं अंतर. तोंडासमोर तोंड नको. एकाच दिशेला चालायचं. घराबाहेर कुणाचंच घर नसतं.

रातराणी
भांडण झालंच तर मध्ये हात घालू नका. मी घातला. मनगटाला टाके आणि रेबीजची इंजेक्शनं, दोन्ही. कुत्री घरचीच होती, लस झालेली, तरी डॉक्टरांनी नको तो धोका नको म्हणून दिली. उशी टाका मध्ये, पाटाने वेगळं करा, पाणी ओता. आणि चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. हळद, चुना काही नाही.

चिमणचारा
८वा दिवस. सासूबाईंनी खोली दिली! त्या हॉलमध्ये दिवाणावर झोपतात आता, म्हणतात मला तसंही टीव्ही जवळ बरा. पण खोलीत रॅक, शिवणमशीन वगैरे असल्याने दिवसभर तिथे एकटी नाही ठेवता येत सुपारीला, म्हणून क्रेट दिवसा हॉलमध्ये तिथेच आणि रात्री खोलीत. चिंगीने आज पूर्ण वाटी खाल्ली. बाळू मात्र तसाच. आज सकाळपासून शी-शूच्या ट्रेमध्ये तीन-चारदा जाऊन बसला, बहुतेक पोट साफ होत नाहीये, भोपळा देऊ का उकडून?

मांजरवेडी
थांब थांब. ट्रे कुठे आहे तुझा?

चिमणचारा
ड्राय बाल्कनीत. स्वयंपाकघरातून जायचं.

मांजरवेडी
म्हणजे सुपारीच्या क्रेटच्या पुढून?? अगं, ८ दिवस तो बोका मुतायला घाबरतोय. भोपळा राहू दे, आत्ता जाऊन बघ, ट्रेमध्ये लघवीने वाळूचे गोळे झालेत का. बसून जोर करतो, थेंबच येतात, ओरडतो, तिथे चाटत राहतो, असं असेल तर पोट नव्हे, लघवी अडकलीय.

गोठ्यातली डॉक्टर
मांजरवेडी बरोबर सांगतायत. चिमणचारा ताई, बोक्याची लघवी अडकणं ही इमर्जन्सी आहे. उद्या सकाळ नाही, आत्ता निघा. एक-दोन दिवसांत जीव जातो. इथे उत्तर नका लिहीत बसू.

खारूताई
काय झालं गं? कळव.

रातराणी
सारखी येऊन बघतेय धागा.

चिमणचारा
रात्री २ वाजता आलो घरी. अडकलीच होती. कॅथेटर घातलाय, सलाइन चालू, दोन-तीन दिवस तिथेच ठेवतील. डॉक्टर म्हणाले किडनीचे आकडे वाढलेत पण वेळेत आणलं. अरुंद मूत्रमार्ग, कमी पाणी, कोरडं खाणं आणि त्यात ताण, सगळं मिळून होतं म्हणाले.

ट्रेमध्ये काय होतं सांगते. शेंगदाण्याएवढे ३ गोळे. रोज माझ्या मुठीएवढे दोन-तीन असतात. रोज ट्रे मी साफ करते आणि मला दिसलं नाही, कारण मी चिंगी जेवली का आणि सुपारीने पट्टी चावली का एवढंच बघत होते. खूप रडले. मांजरवेडी, तू कोण कुठली माहीत नाही, पण बाळू तुझ्यामुळे आहे.

मांजरवेडी
रडू नको गं. माझा एक असाच गेला २०१६ ला, म्हणून विचारलं. मांजर दुखणं दाखवत नाही, ट्रे दाखवतो. दुसरा ट्रे आण लगेच, मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त हवा, आणि तो बेडरूममध्ये, कुत्र्यांच्या वाटेत अजिबात नाही. पाण्याची वाटीही वेगळी, वर, ओट्यावर नाहीतर शेल्फवर.

ठामपणे
कटू वाटेल, पण सुपारीला परत द्या. घरच्याला उपाशी ठेवून पाहुण्याला पुरणपोळी हे काही खरं नाही. तुम्ही बाळू आणि चिंगीची जबाबदारी आधी घेतलीये.

खारूताई
कुठे परत देणार? संस्थेकडे जागा नाही म्हणून तर आली. पायात रॉड असलेली कुत्री बोर्डिंगमध्ये दहा कुत्र्यांच्या भुंकण्यात ठेवायची का? क्रेट हलवला आणि ट्रे हलवला तर निम्मा प्रश्न सुटतो.

ठामपणे
आणि नाही सुटला तर? ताईंची तब्येत, सासूबाईंची झोप, हे पण घरच आहे. परत देणं म्हणजे टाकून देणं नव्हे. दुसरं फॉस्टर घर शोधायला आत्ताच सांगून ठेवा, मिळेपर्यंत सांभाळा. मी स्वतः एकदा हट्ट केला, सहा महिने घरात कुणी हसलं नाही.

खारूताई
हे मान्य. संस्थेला सांगून ठेवायला काहीच हरकत नाही, उलट आधीच सांगावं. मी पण ठाण्यात विचारून ठेवते.

वाडीकर
मी आधी जे लिहिलं त्यावर दोन दिवस विचार करत होतो. माणसानं मध्ये पडू नये म्हटलं, पण आठवून बघितलं तर आमच्याकडेही लगेच काही झालं नव्हतं. खंड्या आला तेव्हा मी सातवी-आठवीत. पहिले आठ-दहा दिवस तो गडग्याच्या, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणाच्या, पलीकडेच बसायचा. आई भाकरी गडग्यावर ठेवायची. आमचा मोत्या पडवीतून मान वर करून बघायचा आणि परत झोपायचा. मग खंड्या गडग्याच्या आत फणसाखाली आला. तिथे बरेच दिवस. पाऊस लागला तेव्हा गोठ्याच्या वळचणीला. पडवीच्या पायरीवर यायला त्याला गणपती उजाडले, आणि त्या दिवशी मोत्या उठला, त्याच्या तोंडाचा वास घेतला, आणि थोडा सरकून बसला. आम्हाला वाटायचं आपोआप झालं. आपोआपच, पण तीन महिने लागले आणि अंतर त्यांनी ठरवलं. तुमच्याकडे गडगा नाही, तर दार हाच गडगा. खारूताई, तुमचं बरोबर होतं.

खारूताई
काका, काय लिहिलंत. दार हाच गडगा. मी आता सगळ्या नवीन फॉस्टरवाल्यांना हेच सांगणार.

चिमणचारा
बाळू घरी आला. ओलं खाणं चालू केलं, पाणी घालून पातळ करून. बेडरूम आता त्याची, दार लावलेलं, दोन ट्रे. वाडीकर काकांचं वाचून नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी जाळी आणली, लाकडी चौकट ठोकली आणि सासूबाईंच्या खोलीच्या दाराला बसवली, कंबरेएवढी. रॅक आणि मशीन आमच्या खोलीत. सुपारी दिवसाही तिथेच. संस्थेलाही सांगून ठेवलंय, त्यांनी अजिबात वाईट वाटून घेतलं नाही.

जाळीवर पहिले दिवस चादर टाकली होती. रोज एक वीत वर घेतेय. चिंगी आज जाळीसमोर ६-७ फुटांवर बसून दही चाटत होती, आतून सुपारीच्या चाटण्याचा आवाज येत होता. दोघींची ताटली एकदमच संपली आणि दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. काही झालं नाही. काही झालं नाही याचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

एडिसनची माई
इथे ऑफिसमध्ये बसून डोळे पुसतेय.

बोरकूट
बाळूसाहेबांचा हिशेब माफ झाला का?

गोठ्यातली डॉक्टर
छान. जाता जाता, बाळूच्या बाबतीत पुढचे काही आठवडे ट्रेवर नजर ठेवा, पुन्हा अडकण्याची शक्यता असते. आणि सुपारीचं दुखण्याचं औषध मनाने बंद करू नका, दुखणारं कुत्रं चिडकं असतं. माणसांची पॅरासिटामॉल कुणालाच नाही, मांजराला तर एक गोळीही जीवघेणी.

चिमणचारा
जवळपास ५ आठवडे झाले, उशिरा लिहितेय. एक्स-रे चांगला आला, हाड धरलंय. चिंगी आणि सुपारी खाली एकत्र फिरतात, आता अंतर दोन पावलांचं. परवा चिंगी जाळीच्या आत गेली, सुपारीच्या भांड्यातलं पाणी प्यायली आणि बाहेर आली. सुपारी बघत होती, शेपटी खालून हळू हलत होती. जेवण अजून वेगळंच.

बाळू संध्याकाळी हॉलमध्ये येतो, सुपारी पट्ट्याने माझ्या पायाशी. तो टीव्हीच्या वर, ती खाली. ती बघते, मग माझ्याकडे बघते, मी चणा देते. वाटीभर फुटाणे संपले असतील एव्हाना.

आता प्रश्न असा की चिंचवडच्या एका कुटुंबाला ती हवीये, त्यांच्याकडे दोन मांजरं आहेत. संस्था विचारतेय, मांजरांसोबत चालेल असं लिहू का. काय सांगू?

उदगीरकर
जे बघितलं तेवढंच सांगा. पट्ट्यात असताना एका शांत, मोठ्या बोक्यासोबत ठीक. मोकळी असताना, पळणाऱ्या मांजरामागं काय करते ते माहीत नाही, कारण पायामुळं पळूच दिलं नाही. पाय बरा झाला की ती वेगळी कुत्री असू शकते.

खारूताई
+१००. आणि त्या कुटुंबाला ट्रेची गोष्ट सांग. जाळी पण दे त्यांना शक्य असेल तर. तिची खालची गोधडी न धुता सोबत दे, नव्या घरात स्वतःचा वास असला की पहिली रात्र सोपी जाते.

ठामपणे
ताई, मी चुकीचा ठरलो याचा आनंद आहे.

चिमणचारा
नाही हो, तुम्ही सांगितलं म्हणून संस्थेला कळवलं, त्याने माझ्यावरचा भार उतरला. उदगीरकर दादांचं जसंच्या तसं लिहून पाठवलं. ते लोक म्हणाले चालेल, आम्ही महिनाभर दार लावून ठेवू. रविवारी येतायत बघायला.

गोधडी काढून ठेवायला म्हणून आत्ता सुपारीच्या खोलीत गेले. ती खाली चिंगीसोबत फिरायला गेलीये, आणि गोधडीवर बाळू झोपलाय, पोट वर करून. आता उठवत नाही त्याला.